ठेवलेला रस

मार्गशीर्षातला एक रविवार, सन १९४४. स्थळ: नगर, आमच्या भाड्याच्या घरातली बाहेरची खोली. हजर: माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, त्यांची मुलगी कुसुम, वय बावीस, लग्नाची, माझे यजमान, मी, म्हणजे कुसुमची काकू, पुणतांब्याचे वसंतराव, मुलगी पाहायला आलेले, आणि त्यांच्या मातोश्री, माई. गैरहजर: कुसुमची आई. ती कुसुम लहान असतानाच गेली. शिवाय मेजावर मोसंबीच्या रसाचे सहा पेले आणि मोरीच्या कोनाड्यात, जुन्या पंच्यात गुंडाळलेली, जिनची एक चपटी बाटली.

हजेरी मांडायची मला सवय आहे. मुंज असो, श्राद्ध असो, कोण आलं, कोण नाही, कोणाचं ताट वाढायचं राहिलं, हे मी आधी जुळवते आणि मग बाकीचं बघते. माझ्या जावेच्या माघारी दोन्ही घरं एका चुलीवर आली ती या सवयीच्या बळावर. यंदा मोसंबी बाजारात आली, पहिलं फळ चिरलं, आणि ही हजेरी आपोआप डोळ्यांपुढे उभी राहिली. गेली पाच वर्षं असंच होतं.

नगरची थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा फुटतात, बोटांच्या पेरांना बारीक भेगा पडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मोसंबी येते. साल दाबली की तिच्यातलं तेल तुषारासारखं उडतं आणि भेगांत शिरतं. इतकं झोंबतं की डोळ्यांत पाणी येतं. वास मात्र असा, की हात धुवावासा वाटत नाही. या फळाचं मला हे पहिल्यापासून खटकतं. दुखवतं आणि वर हवंहवंसं वाटायला लावतं.

लढाईचे दिवस होते. कॅम्पातून लष्करी गाड्या दिवसभर घरघरत, धूळ वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसे. साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर. वसंतराव कॅम्पातल्या साहेबांच्या मेसला फळं आणि भाजी पुरवत. पुणतांब्याला पाटाच्या पाण्यावर त्यांची मोसंबीची मोठी बाग होती. माणूस रुबाबदार. भांग मधोमध, बूट चकचकीत. मुलगी पाहायच्या आठवडाभर आधी ते स्वतःच घरी आले. एक करंडी मोसंबी ठेवली, पिळायची एक काचेची वाटी ठेवली, मधे उंचवटा असलेली, आणि कोटाच्या खिशातून ती चपटी बाटली काढून मेजावर ठेवली.

"पोहे नकोत," ते म्हणाले. "पोहे सगळ्यांनाच येतात. माझ्याकडे रविवारी साहेब मंडळी येतात. ती उशिरा उठतात, म्हणून न्याहारी आणि जेवण एकदमच करतात. त्याला ब्रंच म्हणतात. बसण्याआधी हातात काहीतरी थंड, फसफसतं लागतं. घरातल्या बाईला ते करता आलं पाहिजे."

"म्हणजे द्वादशीचं पारणंच की," आमचे हे म्हणाले. वसंतराव हसले नाहीत.

कृती त्यांनी तोंडी सांगितली. मोसंबी आडवी चिरायची, बिया काढायच्या, हलक्या हाताने पिळायची. अर्ध्या लिंबाचा रस. साखरेचा गार पाक. बर्फ. मग साहेबांसाठी दोन चमचे बाटलीतलं, इतरांसाठी नाही. सोडा सगळ्यात शेवटी, पेल्याच्या कडेने, ढवळायचं नाही. मी विचारलं, बाटली घरात कुठे ठेवायची. स्वयंपाकघरात ठेवणं शक्य नव्हतं आणि देवघर शेजारीच. शेवटी ती मोरीत गेली. भाऊजी अंघोळीला जाताना तिच्याकडे पाठ करत.

तो आठवडा आठवला की मला कुसुमचं हसू आठवतं. तिला मी त्याआधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं, आणि नंतर पाहायला मिळालं नाही. माळीवाड्यातल्या सोडावाल्याकडून गोळीच्या बाटल्या आणल्या होत्या. अंगठ्याने गोळी आत ढकलली की फटकन आवाज होई आणि भाऊजी ओटीवर दचकत. पहिला पेला सगळा उतू जाऊन मेजावर सांडला.

"काकू, हा सोडा नाही, रागावलेली सासू आहे," कुसुम म्हणाली. "कडेकडेनेच घ्यावं लागतं."

"अजून सासू पाहिली नाहीस तोवर बोलून घे."

"पाहून झाल्यावर कुठली बोलायला देते ती?"

पाणी घालून सराव, बर्फाशिवाय सराव, मग सगळं घालून. एका दुपारी तिने करून ठेवलेला पेला तासाभराने मी प्यायला घेतला आणि थुंकला. कडू. पाक घालून कडू, मीठ घालून कडू. ज्यांच्या घरी मोसंबी येते त्यांना हे ठाऊक असतं: पिळला की लगेच प्यावा. ठेवला की रस कडू होतो, आणि एकदा झाला की कशानेही गोड होत नाही. मी तिला बजावलं, पाहुणे बसले की पिळायचं, आधी नाही. तिने तसंच केलं. त्या रविवारी तिच्या हातून काहीही चुकलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण नंतर बायका म्हणाल्या की पोरीने काहीतरी बिघडवलं असणार.

माई दिसायला लहानखुऱ्या. नीटनेटकं नऊवारी, पाठीवर शाल, बोलणं मऊ, साखरेत घोळलेलं. कुसुम तबक घेऊन आली. बर्फ किणकिणत होता, पेल्यांतून बुडबुडे वर येत होते, वरचा फेस पिवळा. पाहून आपल्यालाच तहान लागावी असं. माईंनी आपला पेला उचलला आणि हातात धरला.

"बसू नकोस, बाळ. उभीच राहा. उंचीचा अंदाज येतो."

कुसुम उभी राहिली, हातात तबक. आमच्यात वडीलधाऱ्या पाहुण्याने घोट घेतल्याशिवाय कोणी पेला तोंडाला लावत नाही. माईंनी घोट घेतला नाही. त्यांनी गोत्र विचारलं, मग आजोळ विचारलं, मग कुसुमच्या आईला काय झालं होतं ते विचारलं, आणि तो आजार त्यांच्या माहेरी आणखी कोणाला होता का तेही. भाऊजी उत्तरं देत होते. बुडबुडे विरळ झाले. बर्फाचे कोपरे गेले.

"माई, घ्या ना," मी म्हटलं. "मोसंबीचा रस. ठेवला की कडवट होतो."

त्या माझ्याकडे वळल्या. डोळे अगदी शांत.

"मला सांगता? आमच्या मळ्यात चुलीत जळण म्हणूनही मोसंबीच असते. घाई आहे का तुम्हाला?"

मुलीच्या घरच्यांना घाई असते आणि ती आहे असं म्हणता येत नाही.

"दोन ठिकाणांहून नकार आला म्हणे," त्या कुसुमला म्हणाल्या. "कशासाठी?"

"एकांना रंग पसंत पडला नाही. दुसऱ्यांना वय."

"खरं बोलतेस. बरं आहे. पण विचारल्याशिवाय नाही ना बोलत?"

"नाही."

"एखादं गाणं म्हण."

कुसुमने तबक धरूनच म्हटलं. मग त्यांनी तिला दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं, तबकासकट, पेले न हिंदकळता. मग परत. बर्फ संपला. फेस बसला. पेल्यांच्या बाहेरचं बाष्प ओघळून तबकात साचलं होतं. वसंतराव खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा मला कळलं की माईंना काहीही जाणून घ्यायचं नाही. त्या फक्त वाट बघत आहेत, रस कडू व्हायची.

मग त्यांनी जिभेचं टोक लावलं, चेहरा जराही न हलवता पेला कुसुमपुढे धरला.

"तू पी. सगळा."

कुसुमने तबक खाली ठेवलं आणि ती प्यायली. मधे थांबली नाही. मी तिच्या गळ्याकडे बघत होते.

"कसा झालाय?"

कुसुमने पदराने ओठ टिपले. "छान झालाय," ती म्हणाली.

माई पहिल्यांदाच हसल्या. "आम्हाला मुलगी पसंत आहे."

भाऊजींना राहवेना. त्यांनी आपला पेला उचलला आणि आनंदाच्या भरात तो कडूजहर रस एका दमात संपवला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते कशाचं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आमच्या ह्यांनीही प्यायला. मीही प्यायले. वसंतरावांनी आपला पेला तसाच ठेवला आणि मला हळूच विचारलं, "ती बाटली?"

"मोरीत आहे. उघडलेली नाही."

"उत्तम," म्हणाले, आणि निघताना आठवणीने परत घेऊन गेले.

त्या संध्याकाळी पेले घासताना मी भाऊजींना स्पष्ट सांगितलं, हे घर नको. नाही म्हणून कळवा.

"त्यांनी पसंत केली आहे," भाऊजी म्हणाले. "आता नापसंत आपण कोणाच्या जोरावर करायची?"

"ती बाई पोरीला छळणार आहे. आज नमुना दाखवून गेली."

"नमुना चाखूनही पोरगी छान म्हणाली ना?"

कुसुम चुलीपाशी बसली होती. उरलेल्या साली ती एकात एक घालून ठेवत होती, वाट्यांसारख्या. "काकू, तिसऱ्यांदा पोहे करण्यापेक्षा हे बरं," ती म्हणाली. "निदान पदार्थ नवा होता."

लग्न माघात झालं, पुणतांब्यालाच. गोदावरीवरून येणारा पहाटेचा वारा हाडांत शिरत होता. सकाळी मी मळ्यात गेले, दात घासायला आणि जरा एकटं राहायला. बाग पाहून थबकले. झाडं आजारी होती. पानं पिवळी, वळलेली, अर्धी गळून पडलेली. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळं उघडी टाकली होती, उन्हात, एखाद्या म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी. आणि चार पावलांवरून पाट वाहत होता, काठोकाठ. त्याचं दार मातीने लिंपून बंद केलेलं.

मळ्यातले जुने गडी बाजीबा पाटाच्या कडेला तंबाखू मळत होते. मी विचारलं, कीड पडली का?

"कीड न्हाई, बाई. ताण दिलाय." ते हसले. "पानी तोडायचं. मुळ्या उघड्या टाकायच्या. झाडाला वाटलं पायजे, आता आपुन मरतोय. मंग पानी दावायचं. असं फुलतं, पान दिसत न्हाई."

"आणि नाही सोसलं तर?"

"वाळतं. लई ताण बसला तर वाळतं बी. मंग सरपन."

माझ्या मागे माई येऊन उभ्या होत्या. शाल तीच. त्यांनी एका पिवळ्या फांदीवरून हात फिरवला, लाडाने म्हणता येईल असा.

"सुखात ठेवलेलं झाड नुसता पाला वाढवतं," त्या म्हणाल्या. "सुनेचंही तसंच असतं, नाही का हो?"

मांडवात सनई सुरू झाली होती. मी हसले. मुलीकडची मंडळी लग्नाच्या दिवशी हसतात.

त्यानंतर वर्षाचे दिवस मी पंचांगावरून मोजायचं सोडलं आणि त्या बागेवरून मोजू लागले. संक्रांतीला कुसुमला पाठवा म्हटलं, तर निरोप आला, बागेला ताण चालू आहे, गड्यांचं बघायला घरात बाई हवी. पंचमीला पाठवा म्हटलं, तर फळ धरलंय. दिवाळीला पाठवा म्हटलं, तर फळ उतरायला आलंय. झाडांना सवड होईल तेव्हा सुनेला सवड. पाच वर्षांत ती एकदाच आली, चार दिवसांसाठी. पहिल्या सकाळी मी तिच्या हातात चहाचा कप दिला, तर ती उभ्यानेच प्यायला लागली. मी म्हटलं, बस की. ती बसली, आणि कोणी आत आलं की उठे. चेष्टा करून पाहिली. "काय गं, सोडा कसा काय आहे तुझा?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की कोणाबद्दल विचारतेय हेच कळलं नसावं.

साहेब लोक गेले. कॅम्पात आता आपल्याच लष्कराच्या गाड्या घरघरतात आणि धूळ तीच उडते. वसंतरावांच्या रविवारात खंड पडलेला नाही. मामलेदार येतात, कालव्याचे अधिकारी येतात. पेले भरले जातात. दारूबंदीच्या गप्पा चालतात आणि बाटली कोटाच्या खिशातून निघते. हे मला बाजीबांकडून कळतं. दरवर्षी हंगामात ते नगरच्या बाजारात माल घेऊन येतात आणि एक करंडी आमच्या दारात ठेवतात. माईंची आज्ञा असते. देण्याघेण्यात त्या चुकत नाहीत.

परवा ते आले. पाणी प्यायले, पायरीवर बसले. मी विचारलं, कुसुम कशी आहे.

"वैनीबाई लई गुनाच्या. घरात आवाज म्हनून न्हाई."

"बाजीबा, ती कशी आहे ते विचारलं मी."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "सातवा लागलाय. याआदी दोन येळा खाली झालं, तुमास्नी कळीवलं का न्हाई, ठावं न्हाई. आईसाब म्हनत्यात, ताण सोसत न्हाई हिला. कामं हायेतच की. पाटाचं पानी डोक्यावर आनत्यात. रंग पिवळा झालाय, बाई. आता मला काय कळतंय, पर झाडाचं मला कळतं."

मी धरलेली मोसंबी खाली ठेवली.

"न्यायला या म्हणून काही निरोप?"

"आईसाब म्हनल्या, कुनी आलं न्यायला, तर बगू. आपनहून धाडायची चाल न्हाई आमच्यात." मग ते उठले, टोपी घातली, आणि दारातून मागे वळले. "वैनीबाईंनी सांगावा दिलाय. काकूंना म्हनावं, रस काढला का लगीच प्या. ठिवू नगा."

एवढंच. पाच वर्षांत तिने माझ्यासाठी पाठवलेला हा पहिला निरोप. त्याचा अर्थ मला समजावून सांगायला कोणी लागत नाही. ती म्हणते आहे, आता या.

मी कामाला लागले. रडत बसणं मला जमत नाही, कामं जमतात. डिंक आणला, आळीव आणले, बाळंतशेपा निवडून ठेवल्या. जुनी लुगडी उकळून दुपटी बेतली. आतली खोली सारवली, बाज आवळून घेतली. दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारून आले. आमच्या ह्यांच्या पायाला महिनाभर दुखणं आहे, नाहीतर तेच निघाले असते. पुणतांब्याची गाडी किती वाजता सुटते ते स्टेशनावर विचारून घेतलं. मुलीला आणायला जाणारा मुराळी लागतो. मी एकटी गेले तर माई म्हणणार, बाप जिवंत आहे ना, त्याला पाठवा. आणि पोरीला दारातून परत फिरवणार. मुराळी भाऊजीच.

भाऊजी म्हणतात, त्यांनी बोलावल्याशिवाय कसं जायचं? माई म्हणतात, नेणाऱ्याने आल्याशिवाय कसं धाडायचं? दोन्ही घरी रीत पाळली जाते आहे. अगदी चोख.

आज सकाळी करंडीतली चार फळं पिळली आणि भाऊजींना पेला दिला. त्यांनी तो हातात धरला आणि बोलत राहिले. बाजीबा काय म्हणाले, माईंचा सूर कसा होता, पत्र येईल का, पत्र आलं तर उत्तर कोणी लिहायचं, थंडीत प्रवास सोसेल का, आणि आपण न बोलावता गेलो आणि त्यांनी अपमान केला तर पुढे पोरीलाच जड जाईल. मी चुलीपाशी उभी होते. भाजी चिरून झाली, कणीक मळून झाली, वरण उतरवलं. पेला त्यांच्या हातातच.

मग त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू लागतोय गं."

"ठेवलात म्हणून."

त्यांनी पेला पायरीवर ठेवला आणि पुन्हा विचारलं, टपालवाला येऊन गेला का. त्यांचा कोट मी इस्त्री करून खुंटीला लावला आहे, टोपी धुतली आहे, वाटेसाठी दशम्या बांधल्या आहेत. गाडी दुपारची आहे. बाकीचं सगळं झालं आहे. कुसुमला आणायचं राहिलं आहे.